खेळ कीं खतावणी?

व्यायामाचा खेळ करा, म्हणजे त्याचा कंटाळा येणार नाहीं, हा उपदेश हल्लीं सर्वांच्या कानांवर पडूं लागला आहे. डॉक्टर तो देतात, कचेऱ्यांचे चालक देतात, विम्याच्या कंपन्या देतात, आणि या सर्वांहून अधिक आग्रहानें तो मनगटावरचीं घड्याळें व खिशांतील मोबाईल देतात. उपदेश ऐकावयास गोड आहे, आणि त्याचा अर्धा भाग खरा आहे. म्हणूनच तो अधिक पारखून घेतला पाहिजे. खेळामुळें व्यायामाचा कंटाळा जातो हें निर्विवाद. परंतु आज खेळ म्हणून जें आपल्या हातीं दिलें जात आहे ती हिशेबाची वही आहे, आणि ती वही आपण मोठ्या हौसेनें विकत घेत असतां खरा खेळ आपल्या अंगणांतून आपल्याच हातांनीं हुसकून लावीत आहों, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या नव्या खेळाचें स्वरूप आतां सुशिक्षित कुटुंबांच्या चांगलें परिचयाचें झालें आहे. मनुष्य चालतो, घड्याळ त्याचीं पावलें मोजतें. ठरलेला आंकडा पुरा झाला कीं घड्याळ मनगटावर थरथरतें, पडद्यावर रंगीत फटाके उडतात आणि एक पदक जमा होतें. सात दिवस खंड न पडतां आंकडा गांठला तर दुसरें पदक. तीस दिवस गांठला तर तिसरें. ओळखीच्या मंडळींची क्रमवारी रोज डोळ्यांपुढें येते. एक दिवस ताप आला, किंवा घरीं पाहुणे आले, कीं सलग दिवसांची माळ तुटते आणि मोजणी पुन्हां एकापासून सुरू होते. जमा आहे, थकबाकी आहे, व्याज आहे, चुकलेल्या हप्त्याचा दंडही आहे. सावकाराच्या पेढीवर जें जें असतें तें सर्व येथें हजर आहे. गैरहजर आहे तो फक्त खेळ.

या वहींतील सर्वांत पूज्य आंकडा म्हणजे दहा हजार पावलें. तो कोठून आला? १९६४ सालीं टोकियोस ऑलिंपिक सामने झाले. पुढील वर्षीं, म्हणजे १९६५ मध्यें, यामासा या जपानी कंपनीनें पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस काढलें व त्याचें नांव ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक, असें ठेविलें. नांव सुटसुटीत होतें, आंकडा गोल होता. तो जगभर पसरला आणि जेथें गेला तेथें शास्त्राज्ञेचा मान घेऊन बसला. पुढें २०१९ मध्यें अमेरिकेंतील आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें १६,७०० वृद्ध स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां सुमारें ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण पुष्कळच कमी आढळलें, आणि ७,५०० च्या सुमारास हा लाभ वाढावयाचा थांबला. याचा अर्थ असा, कीं ज्या आजीबाई देवळापर्यंत जाऊन, वाटेंत भाजी घेऊन, पांच हजार पावलें चालून घरीं येतात त्या यंत्राच्या लेखीं रोज हरतात. त्यांच्या हृदयाच्या लेखीं त्यांनीं बरेंच कांहीं जिंकलेलें असतें. परंतु हृदयाला पडदा नाहीं आणि फटाकेही नाहींत.

आतां खेळ म्हणजे काय तें पाहूं. त्यासाठीं तत्त्वज्ञांचे ग्रंथ उघडण्याचें कारण नाहीं. मराठी मुलांनीं अंगणांत जी भाषा घडविली आहे तींतच खेळाची सारी व्याख्या सांपडते. तिच्यांतील पहिला शब्द ‘भिडू’. भिडू म्हणजे आपल्या बाजूचा गडी. तो दमला तर आपण धांवावयाचें, आपण दमलों तर त्यानें. खोखोंत पाठलाग करणारा गडी धापा टाकीत एकटाच शेवटपर्यंत धांवत राहत नाहीं. बसलेल्या गड्याच्या पाठीशीं येऊन ‘खो’ देतो आणि त्याच्या जागीं बसतो. दुसरा शब्द ‘कच्चा लिंबू’. धाकटें भावंड रडूं लागलें कीं त्याला खेळांत घ्यावयाचें, पण त्याच्यावर राज्य येऊं द्यावयाचें नाहीं, असा हा दयाळू कायदा पोरांनीं आपल्या आपणच केलेला आहे. दुर्बळाला खेळांत ठेवण्याची अशी युक्ति कोणत्याही क्रमवारीला सुचलेली नाहीं. क्रमवारी त्याला शेवटचा क्रमांक देते आणि गप्प बसते. तिसरा शब्द ‘टाइम्प्लीज’. चप्पल तुटली, गुडघा फुटला, आईनें हांक मारली, कीं एवढा शब्द उच्चारतांच सारा डाव थांबतो आणि कोणाचें कांहीं बुडत नाहीं. हुतूतूच्या ज्या प्रकारास आपल्या लोकांनीं ‘संजीवनी’ हें नांव दिलें त्यांत तर मेलेला गडीही उठतो: आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला एक बाद झालेला गडी परत येतो. माळ तुटलेल्या मनुष्याला कोणाच्या पराक्रमानें उठावयाचें? त्याला भिडूच नाहीं.

गुण मोजण्याशीं आमचें वैर आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. आपल्या देशी खेळांना बांधीव नियम देण्याचें कार्य याच महाराष्ट्रांत झालें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ मध्यें खोखोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला जाऊन आपले खेळ जगाला दाखवून आले. ही मंडळी हिशेबाला भिणारी नव्हती. परंतु हुतूतूंतील गुण हा प्रतिपक्षाच्या सात जणांच्या हातून सुटून मध्यरेषा ओलांडल्याची खूण असतो. आधीं ती सुटका घडते, मग गुण लिहिला जातो. नव्या वहींत घडावयाचें कांहीं उरतच नाहीं; आंकडा हीच घटना. म्हणूनच मोबाईल ठेवून तो आपोआप हलवीत राहणारे पाळणे बाजारांत विकावयास येतात, आणि मालक खुर्चींत बसलेला असतां त्याच्या नांवावर पावलें जमा होतात. फुगडी घालण्यासाठीं यंत्र ठेवावें असें मात्र आजवर कोणाच्या मनांत आलेलें नाहीं. आपल्या वतीनें दुसऱ्यानें करून टाकावी असें जिच्याविषयीं वाटतें ती गोष्ट मजुरीची असते, मग तिला नांव कांहीं द्या.

मजुरीनें आवडीचें काय होतें याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं तो १९७३ मध्यें प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंतील, चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें, कीं चित्र काढल्यास सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तेंच प्रशस्तिपत्र न सांगतां, चित्र झाल्यावर दिलें. उरलेल्यांना कांहींच दिलें नाहीं. पुढें एकदोन आठवड्यांनीं मोकळ्या वेळांत हीं मुलें काय करतात तें पाहिलें तों, ज्यांच्याशीं करार झाला होता त्यांचा चित्रांतील वेळ इतरांच्या सुमारें निम्मा भरला. ज्यांना बक्षीस अवचित मिळालें होतें त्यांची गोडी मात्र घटली नव्हती. आईबापांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. मुलाच्या पाठीवर शाबासकीची थाप देण्यानें त्याच्या आवडीस धक्का लागत नाहीं. ‘इतकीं पावलें चाललास तर इतकें मिळेल’ असा ठराव करण्यानें लागतो. आणि घड्याळाला थाप देतां येत नाहीं, त्याला फक्त ठराव करतां येतो.

यावर प्रतिपक्षी विचारील, कीं ज्याला व्यायामाची आवडच नाहीं त्याची कोणती आवड मरणार? त्याला खुर्चीवरून उठविलें हेंच पुष्कळ नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तर अनुभवानें दिलें पाहिजे. २०१६ मध्यें ‘पोकेमॉन गो’ नांवाचा मोबाईलवरचा खेळ निघाला आणि काल्पनिक प्राणी पकडण्यासाठीं लाखों लोक रस्त्यांवर हिंडूं लागले. व्यायामाचा प्रश्न सुटला असें त्या वेळीं पुष्कळांनीं जाहीर केलें. त्याच वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अमेरिकेंतील तरुण खेळाडूंच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यांत त्यांचीं पावलें दिवसाला सरासरी ९५५ नीं वाढलीं होतीं. सहाव्या आठवड्यांत तीं होतीं तेथें परत आलीं. नव्याची नवलाई नऊ दिवस, या आमच्या म्हणीपेक्षां तो प्राणी कांहीं आठवडे अधिक टिकला, इतकेंच त्याचें श्रेय.

परंतु प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा लपवून वाद जिंकणें आम्हांस शोभणार नाहीं. २०१७ मध्यें अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथील सुप्रसिद्ध हृदयरोग-अभ्यासाशीं संबंध असलेल्या ९४ कुटुंबांतील २०० माणसांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्मीं कुटुंबें केवळ पावलें मोजीत. निम्म्यांना त्याचा खेळ करून दिला होता. बारा आठवड्यांत खेळणाऱ्यांचीं पावलें दिवसाला सुमारें १,६६० नीं वाढलीं, न खेळणाऱ्यांचीं सुमारें ६४० नीं. आणि खेळ बंद झाल्यावरही कांहीं फरक शिल्लक राहिला. मग आमचें म्हणणें खोटें ठरलें काय? त्या खेळाचे नियम वाचा. रोज कुटुंबांतील एकाचें नांव चिठ्ठी काढल्याप्रमाणें निघे. त्यानें आपला आंकडा गांठला असेल तर सर्व घराचे गुण राहत, न गांठला तर सर्व घराचे जात. कोणाचें नांव निघेल हें कोणास ठाऊक नसे. म्हणजे बाप थकून बसला तर मुलीचा डाव जाणार, आणि मुलगी आळसावली तर आजीचा. याला मराठींत भिडू म्हणतात. २०१९ मध्यें दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यांत एका मोठ्या व्यवसायसंस्थेच्या ६०२ नोकरांना निरनिराळ्या तऱ्हेच्या खेळांत घातलें होतें. खेळ संपल्यावरही जे लक्षणीय प्रमाणांत अधिक चालत राहिले ते एकमेकांशीं चढाओढ करणाऱ्या लहान गटांतील लोक. येथेंही मनुष्य होता, या वेळीं समोरच्या बाजूस उभा. या दोन प्रयोगांवरून गुण अगदीं निरुपयोगी ठरतात असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं गुणाची दोरी दुसऱ्या टोकाला जिवंत माणसाच्या हातांत असेल तर ती ओढते. खुंटीला बांधली असेल तर थोड्याच दिवसांत सैल पडते. विक्रेते आपणांस दोरी विकतात. दुसरें टोक धरणारा मनुष्य त्यांच्या दुकानांत मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, मोजण्याची चाल आपल्याकडेही जुनीच आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो संख्येनिशींच; तालमींतील पैलवान जोर आणि बैठका मोजूनच काढतो; जप करणारा तर माळ घेऊनच बसतो. सर्व खरें आहे. पण तालमींतील संख्या वस्तादासाठीं असते. शागीर्दाची छाती आज किती भार सोसेल हें पाहून तो ती वाढवितो, ताप असेल त्या दिवशीं कमी करतो, आणि लबाडी दिसली तर कान पिळतो. संख्या तेथें वस्तादाची चाकर असते. आणि अंगमेहनत जेथें आनंदाशीं एकजीव झाली आहे तेथें तर संख्या आपोआप गळून पडलेली दिसते. पंढरीची वारी हा व्यायाम नव्हे, भक्ति आहे, हें उघडच आहे. तथापि आळंदीपासून पंढरपुरापर्यंत सुमारें अडीचशे किलोमीटर चालणारी साठीची बाई वाटेंत विसाव्याला बसावयाचें सोडून फुगडी घालते, रिंगणांत धांवते. तिला पावलें विचारा. ती तुमच्या तोंडाकडे पाहील.

आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात आहों असाही आरोप होईल. तो आम्हांस मान्य नाहीं, कारण त्या काळाचा अन्याय आम्हांस दिसतो. मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा, पिंगा, फुगडी खेळत पहाट करणाऱ्या त्याच मुलींना श्रावण संपल्यावर उंबऱ्याबाहेर मोकळें धांवण्याची मुभा नव्हती. वर्षांतून एक रात्र खेळावयाची आणि उरलेले दिवस राबावयाचें, ही व्यवस्था कोणी परत मागणार नाहीं. तिचा वारसा मात्र अजून सरलेला नाहीं. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या अभ्यासानुसार २०२२ सालीं भारतांतील सुमारें निम्मे प्रौढ लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हें प्रमाण सुमारें ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होतें. त्याच्या आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला होता. प्रश्न इतका मोठा आहे म्हणूनच त्यावर नकली औषध चालणार नाहीं. ज्या गृहिणीला दिवसाकांठीं स्वतःचा अर्धा तासही मिळत नाहीं तिला वाढदिवसाची भेट म्हणून पावलें मोजणारें घड्याळ देणें, म्हणजे कर्जबाजारी मनुष्याला सुंदर बांधणीची खतावणी भेट देण्यासारखें आहे. तिला पाहिजे तो अर्धा तास. आणि तो देण्यासाठीं घरांतील दुसऱ्या कोणी तरी उठून कणीक मळली पाहिजे.

आतां मुख्य गोष्ट. आपल्या शहरांतील गृहसंस्थांच्या आवारांत एक पाटी बहुधा आढळते: ‘येथें चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.’ ती पाटी लावणारे कोणी परके नाहींत. ते आपणच, वार्षिक सभेंत हात वर करून ठराव करणारे सुशिक्षित गृहस्थ. कांचा फुटतात, दुपारची झोंप मोडते, मोटारींच्या रंगावर ओरखडे उठतात, हीं कारणें आपण देतों, आणि तीं खोटीं नाहींत. पण पाटीखालून मुलाला वर घरांत बोलावून, तो दिवसभर बसून राहतो म्हणून चिंता करावयाची, आणि चिंतेवर उपाय म्हणून त्याच्या मनगटावर पदकें देणारें यंत्र बांधावयाचें, यांतील विसंगति आपल्या ध्यानांत येऊं नये हें आश्चर्य आहे. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दिवसाला सरासरी साठ मिनिटें तरी चांगली अंगमेहनत करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, आट्यापाट्या, लपंडाव यांत हीं साठ मिनिटें केव्हां सरतात तें कळत नाहीं. आईला गॅलरींतून तीन हांका माराव्या लागतात. त्याच मुलाला एकट्याला गच्चीवर फेऱ्या मारावयास लावा. दहाव्या मिनिटाला तो घड्याळाकडे पाहूं लागेल, आणि घड्याळ त्याच्याकडे.

मोटारींना जागा पाहिजे, हें आम्हांस समजतें. परंतु आवाराची सारी जमीन मोटारींची आणि मुलांना फक्त पडद्यावरची, ही वाटणी कोणत्या न्यायानें झाली? यंत्र विकणाऱ्याला दोष देणें सोपें आहे. तो आपला धंदा करतो. भिडू, अंगण आणि वेळ या तीन वस्तु त्यानें आपणांपासून चोरून नेलेल्या नाहींत. त्या आपण सोडल्या, आणि रिकाम्या जागेवर त्यानें आपलें दुकान मांडलें.

ज्यांच्या मनगटावर घड्याळ आहे त्यांनीं तें फेंकून द्यावें असें आमचें सांगणें नाहीं. तें मोजीत असेल तर खुशाल मोजो. त्याला पंच मात्र नेमूं नये. व्यायामाचा खेळ करावयाचा असेल तर आधीं एक भिडू शोधावा. नवऱ्यानें बायकोला, सुनेनें सासूला, बापानें मुलीला भिडू करून घ्यावें. जो अशक्त असेल त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यावें, पण घ्यावें. आणि पुढील वार्षिक सभेंत रंगकामाच्या व पाण्याच्या टाकीच्या विषयांआधीं एक साधा ठराव मांडावा: रोज संध्याकाळीं साडेपांचपासून सातपर्यंत आवाराची एक बाजू मोटारींनीं मोकळी करावी, आणि ती पाटी काढून टाकावी. ठरावाला सूचक आपण व्हावें. अनुमोदन देण्यास दुसरा हात वर होतो कीं नाहीं तें पाहावें. झाला, तर पहिला भिडू मिळाला असें समजावें.